लोहाराचा डोळा आणि न्यूरल नेटवर्क: न वितळवता धातू जोडण्याची गोष्ट

(हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. अडखळणं तेवढं काढलंय, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.)



२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलनं नवा आयमॅक दाखवला. कडेला फक्त ५ मिलिमीटर जाड. स्टेजवरून फिल शिलर यांनी सांगितलं की कडा इतकी पातळ आहे की पुढचा आणि मागचा भाग नेहमीच्या पद्धतींनी जोडताच येत नाही, म्हणून आम्ही फ्रिक्शन स्टर वेल्डिंग वापरलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि विसरून गेले. ते साहजिकच होतं, कारण या वेल्डिंगमध्ये बघण्यासारखं काहीच नसतं. ठिणग्या नाहीत, डोळे दिपवणारा प्रकाश नाही, काळी काच लावलेला वेल्डर नाही. मुख्य म्हणजे धातू वितळतच नाही.

आजची गोष्ट याच वेल्डिंगची. आणि त्याच्या पोटातल्या एका फार जुन्या प्रश्नाची. दोन धातू न वितळवता जोडायचे तर किती तापवायचं, किती दाबायचं, किती वेळ धरायचं? आणि हे सगळं जोड करून बघण्याच्या *आधी* कसं ओळखायचं?

प्रश्न वर्कशॉपमधला वाटतो. पण उत्तर चुकलं तर जे होतं ते दिसत नाही, आणि खरी भीती तीच आहे. या धंद्यात ‘किसिंग बाँड’ नावाचा एक दोष आहे. नाव गोड, प्रकरण भयंकर. दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट टेकलेले, मध्ये फट नाही, वरून जोड गुळगुळीत. पण आत धातू धातूत मिसळलेलाच नाही. नुसता स्पर्श. अल्ट्रासाउंडनं तपासायला जावं, तर ती पद्धत चालते फटीवर: फटीवर आदळून आवाजाची लाट परत येते आणि दोष सापडतो. इथे फटच नाही, त्यामुळे लाट बरेचदा सरळ पार निघून जाते. समजा हा जोड रॉकेटच्या इंधनटाकीत आहे. कागदावर ‘पास’ असं लिहून सही करणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. म्हणून या क्षेत्रातले लोक नंतर दोष शोधण्यापेक्षा आधी सेटिंग बरोबर लावण्याच्या मागे लागलेले असतात.

आता मागे जाऊ. बरंच मागे.

दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारातला लोहस्तंभ तुम्ही पाहिला असेल, निदान रीलमध्ये तरी. सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा, गुप्तकाळातला. उंची ७ मीटरच्या वर, वजन ६ टनांच्या वर. त्याच्याबद्दल सगळे एकच बोलतात: गंजत कसा नाही? आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावर खूप काम केलंय, आणि तो वेगळ्या एपिसोडचा विषय आहे. मला मात्र त्याची दुसरी बाजू जास्त भारी वाटते. तो ओतीव नाही. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि टनावारी लोखंड वितळवून साच्यात ओतायची सोय तेव्हा नव्हती. मग काय केलं? लोखंडाचे गोळे तापवले, एकाला एक ठोकले, आणि ठोकून ठोकून एकजीव केले. अख्खा स्तंभ म्हणजे न वितळवता केलेलं वेल्डिंग आहे.

हे करणाऱ्याकडे थर्मामीटर नव्हता, रंग होता. लोखंड नुसतं लाल असताना ठोकलं तर जोड बसत नाही. पिवळं, मग पिवळसर पांढरं होऊ द्यायचं. त्याच्यापुढे गेलं की फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागतात, म्हणजे लोखंड जळायला लागलं. या दोन्हींच्या मधे काही क्षण मिळतात, तेवढ्यात घाव घालायचा. वर वाळू किंवा टाकणखार टाकायचा, म्हणजे पृष्ठभागावरचा ऑक्साइड पातळ होतो आणि घणाच्या दणक्याबरोबर बाहेर फेकला जातो. आपल्याकडे घिसाडी कुटुंबं गावोगाव फिरून रस्त्याकडेला अशीच भट्टी लावत आली आहेत. एक जण भाता चालवतो, बाई बहुतेक वेळा घण मारत असते, आणि सांडशीत लोखंड धरून बसलेला माणूस सगळं ठरवतो. तो बघत कुठे असतो? भाता किती वेळा हलला ते तो मोजत नाही. तो लोखंडाकडे बघत असतो.

ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मधेच एक प्रश्न. न वितळवता धातू जोडला जातोच कसा? तर धातूच्या दोन तुकड्यांतल्या अणूंना आपण वेगळ्या तुकड्यातले आहोत हे माहीत नसतं. दोन अगदी स्वच्छ पृष्ठभाग अणूला अणू भिडेल इतके जवळ आणले की मध्ये सीमारेषाच उरत नाही. अडचण एवढीच की आपल्या जगात स्वच्छ पृष्ठभाग नसतोच. त्यावर ऑक्साइड असतो, ओल असते, तेल असतं, आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर सह्याद्रीसारखे डोंगर-दऱ्या असतात. उष्णता, दाब, घर्षण हे सगळं हा कचरा बाजूला सारून आतला ताजा धातू समोरासमोर आणण्यासाठी.

हे पहिल्यांदा प्रयोग म्हणून लोकांसमोर करून दाखवलं जॉन थिओफिलस डेसाग्युलिए यांनी. मूळचे फ्रान्सचे, पुढे लंडनला आले, न्यूटनबरोबर काम केलं. १७२४ मध्ये रॉयल सोसायटीसमोर त्यांनी शिशाचे दोन गोळे घेतले, प्रत्येकाचा थोडा भाग कापून आतला चकचकीत धातू उघडा केला, आणि ते हातानं दाबून, जरासा पीळ देऊन एकमेकांना चिकटवले. भट्टी नाही, काही नाही. ते किती जोरानं सुटतात हे काट्यावर मोजलं. आणि त्यांना काय आढळलं? दर वेळी वेगळा आकडा! कधी जोड झटकन सुटायचा, कधी मूळ शिशाइतका पक्का निघायचा. आपल्या आजच्या विषयाचा जन्म मी इथे धरतो. जोड होतो हे सिद्ध झालं, पण *किती* पक्का होईल हे आधी सांगता येईना. दाब किती दिला, पीळ किती दिला, कापल्यानंतर किती वेळ गेला, सगळं हाताच्या अंदाजानं.

मधली सव्वादोनशे वर्षं मी झपकन ओलांडतोय. थेट सोव्हिएत रशिया, १९५० च्या दशकाचा मध्य. ए. आय. चुदिकोव नावाचा एक टर्नर, लेथवर काम करणारा कामगार. लेथवर काम केलेल्या कोणालाही माहीत असतं की फिरता भाग कुठेतरी घासत राहिला तर तापतो आणि कधीकधी अडकून बसतो. सगळ्यांच्या दृष्टीनं तो बिघाड. चुदिकोवनं तो मुद्दाम घडवून आणला. एक सळई चकमध्ये धरून फिरवायची, दुसरी स्थिर सळई तिच्या तोंडावर दाबायची, दोन्ही टोकं लालबुंद झाली की फिरणं थांबवायचं आणि जोरात रेटायचं. जोड तयार. १९५६ मध्ये त्याला या शोधाबद्दल सरकारी प्रमाणपत्र मिळालं. न्याय म्हणून सांगायला हवं की घर्षणाच्या उष्णतेनं नळ्या जोडायचं पेटंट अमेरिकेत बेव्हिंग्टन यांनी १८९१ मध्येच घेतलं होतं. पण त्या कल्पनेला कारखान्यात आणलं ते रशियन लोकांनी. लेनिनग्राडमध्ये व्ही. आय. विल यांनी यावर पद्धतशीर संशोधन केलं आणि पुस्तक लिहिलं. १९६२ मध्ये ते इंग्रजीत आलं.

इथे पहिल्यांदा यादी तयार झाली. फिरण्याचा वेग, घासतानाचा दाब, घासण्याचा वेळ, शेवटच्या रेट्याचा दाब. लोहाराच्या डोळ्यात जे एकत्र होतं त्याचे चार आकडे झाले. आणि ही पद्धत इतकी चालली की आज तुमच्या बाइकच्या इंजिनातला एक्झॉस्ट व्हॉल्व्हसुद्धा बहुधा अशीच जोडलेली वस्तू असेल: उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचं डोकं आणि वेगळ्या पोलादाची दांडी.

या पद्धतीत एक गंमत आहे. धातू थंड असेल तर कडक असतो, घर्षणाला विरोध जास्त, म्हणून उष्णता जास्त तयार होते. तापून मऊ झाला की विरोध कमी, उष्णताही कमी. म्हणजे धातू स्वतःचं तापमान काही प्रमाणात स्वतःच सांभाळतो. कारखान्याला हे सोयीचं. पण अंदाज बांधणाऱ्याला डोकेदुखी, कारण आर.पी.एम. दुप्पट केलं म्हणून तापमान दुप्पट होत नाही. बटण आणि धातू यांच्यातलं नातं सरळ रेषेतलं नाही.

आता १९९१, डिसेंबर महिना. केंब्रिजजवळची ‘द वेल्डिंग इन्स्टिट्यूट’, म्हणजे टीडब्ल्यूआय. तिथे वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचं पेटंट दाखल केलं. चुदिकोवच्या पद्धतीत निदान एक वस्तू गोल फिरवता येण्यासारखी लागते, पत्रे जोडता येत नाहीत. थॉमस यांनी दोन्ही पत्रे स्थिर ठेवले आणि तिसरीच एक वस्तू फिरवली. ताक घुसळायची रवी डोळ्यासमोर आणा. एक कडक टूल, त्याला खाली छोटी पिन आणि वर रुंद खांदा. ते गरगर फिरत दोन पत्र्यांच्या सांध्यात घुसतं. खांदा वरून घासून तापवतो, पिन आतला मऊ झालेला धातू ढवळते, आणि टूल सांध्यावरून पुढे सरकत जातं. मागे राहतो तो जोड.

ॲल्युमिनियमसाठी हे वरदान ठरलं. ॲल्युमिनियम वितळवून जोडायला फार त्रास देतं. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्या वर. वितळलेल्या धातूत हायड्रोजन शिरतो आणि थंड होताना बुडबुडे ठेवून जातो. विमानात वापरतात त्यांतले काही मजबूत मिश्रधातू तर थिजतानाच तडकतात. त्यांना वेल्डिंगसाठी निकामीच समजत, म्हणून विमानं रिव्हेटनी भरलेली. वितळवायचंच नाही म्हटल्यावर हे सगळे प्रश्न एका फटक्यात गायब. सुरुवात साधीच झाली, उत्तर युरोपात मासेमारी बोटींवरच्या फ्रीझरच्या पॅनेलपासून. पण १९९९ च्या ऑगस्टमध्ये असे जोड असलेलं डेल्टा २ रॉकेट उडालं, पुढे स्पेस शटलच्या बाहेरच्या टाकीत हे जोड आले, आणि आज फाल्कन ९ च्या टाक्याही अशाच जोडतात.

पण बटणं वाढली! फिरण्याचा वेग. पुढे सरकण्याचा वेग. खाली दाबायचा जोर. टूलचा कल, साधारण १ ते ३ अंश. खांद्याचा व्यास. पिनचा आकार: गोल, चौकोनी, आट्यांची, निमुळती. ही झाली ६ बटणं. प्रत्येकाच्या ५ जागा धरा. सगळ्या जोड्या करून बघायच्या तर १५,६२५ वेल्ड. रोज २० केले, तोडून तपासले, तरी दोन वर्षांहून जास्त. आणि हे एका मिश्रधातूच्या एका जाडीसाठी. जाडी बदलली की परत पहिल्यापासून.

आणि दोन्ही बाजूंनी चुकायची सोय आहे. ज्यानं कणीक मळलीय त्याला कळेल. कोरडी राहिली तर भेगा, सैल झाली तर हाताला चिकटते. धातू पुरेसा तापला नाही तर तो पिनच्या मागे वाहून येत नाही आणि जोडाच्या पोटात लांबच लांब बोगदा राहतो. जास्त तापला तर खांद्याखालून कडेला ओघळतो, जोड पातळ होतो, आतले कण मोठे होऊन ताकद जाते. मधली जी जागा उरते तिला या क्षेत्रात ‘विंडो’ म्हणतात. तीच ती लोहाराची पिवळसर पांढरी वेळ.

इतके प्रयोग करायचे नाहीत तर कुठले करायचे? याचं पहिलं उत्तर, गंमत म्हणजे, शेतीतून आलं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतांवर रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात खतं आणि बियाण्यांच्या प्रयोगांची आखणी कशी करावी याचं शास्त्र उभारलं. १९४० च्या दशकात कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये सी. आर. राव यांनी ‘ऑर्थोगोनल ॲरे’ म्हणजे प्रयोगांचे असे तक्ते मांडले की थोड्या प्रयोगांतही प्रत्येक बटणाला सारखी संधी मिळते. १९५४-५५ मध्ये जपानचे गेनिची तागुची याच संस्थेत पाहुणे प्राध्यापक म्हणून आले. पुढे त्यांनी असे तक्ते कारखान्यांच्या हातात दिले आणि जगभर ‘तागुची पद्धत’ गाजली. ४ बटणं, प्रत्येकाच्या ३ जागा, म्हणजे एरवी ८१ प्रयोग. तागुचीच्या तक्त्यात ९. इंजिनिअरिंगला असाल तर ‘एल ९’ हे नाव ऐकून हसू आलं असेल. अर्ध्या प्रोजेक्ट रिपोर्टांत तोच तक्ता असतो. त्या तक्त्याची एक मोठी मुळी कलकत्त्यात आहे हे मात्र रिपोर्टात नसतं.

भारतात या वेल्डिंगवर खूप काम झालंय. तामिळनाडूत चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठात इलंगोवन आणि बालसुब्रमणियन यांनी पिनचे वेगवेगळे आकार आणि खांद्याचे वेगवेगळे व्यास घेऊन ॲल्युमिनियमवर चिकाटीनं प्रयोग केले, आणि त्यांच्या परिस्थितीत चौकोनी पिन आणि १८ मिलिमीटरचा खांदा सरस ठरला. पण माझा सगळ्यात आवडता प्रयोग बंगळुरूच्या आयआयएससीमधला, कुमार आणि सतीश कैलास यांचा. त्यांनी पंचवीस वेगळे वेल्ड केलेच नाहीत. टूलचा खांदा प्लेटमध्ये किती दबतो हे एकाच वेल्डमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत हळूहळू वाढत जाईल अशी मांडणी केली. टूल सरळ पुढे जातंय आणि दाब आपोआप वाढतोय. त्यामुळे एकाच पट्टीवर एका टोकाला बोगदा, मग तो लहान होत होत नाहीसा, आणि पुढे निर्दोष जोड. ती पट्टी कापून बघितली की विंडोची सीमा समोर. कॉम्प्युटरशिवाय. असं काही वाचलं की मन खूश होतं.

समांतर दुसरी वाट होती: गणितानं आतलं चित्र काढायची. टूलखाली काय चाललंय हे दिसत नाही ना, मग समीकरणं सोडवून बघू. पेन स्टेट विद्यापीठात तारासंकर देबरॉय यांच्या गटानं मऊ झालेल्या धातूला एखाद्या अतिशय घट्ट द्रवासारखं धरलं, काकवीपेक्षा कितीतरी घट्ट, आणि तो पिनभोवती कसा वाहतो, कुठे किती तापतो, हे काढलं. मुंबईच्या आयआयटीतले अमिताव डे यांचाही या कामात हात आहे. त्यांनी मिळून दाखवलं की खांद्याचा योग्य व्यास चाचपडत न बसता गणितानंही काढता येतो: खांदा लहान असेल तर धातू पुरेसा तापत नाही, फार मोठा असेल तर धातू इतका मऊ होतो की टूलची पकडच सुटते, पकड जिथे सगळ्यात चांगली तो व्यास घ्यायचा.

आणि मग न्यूरल नेटवर्क.

तुम्हाला वाटत असेल हे चॅटजीपीटीनंतरचं. नाही हो! केंब्रिजमध्ये हरी भदेशिया, जन्म नैरोबीचा, मूळ भारतीय, आणि भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅके यांनी १९९० च्या दशकातच वेल्डच्या गुणधर्मांसाठी न्यूरल नेटवर्क वापरली. ती वितळवून केलेल्या वेल्डसाठी होती, आपल्या आजच्या प्रकारासाठी नव्हे. पण त्यांनी एक गोष्ट केली जी मला फार मोलाची वाटते. त्यांचं नेटवर्क नुसता आकडा देत नसे, त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा तेही सांगे. माहिती विरळ असेल तिथे अनिश्चितता मोठी दाखवे. एखाद्या हुशार पोरानं ‘सर, हे मला नक्की येत नाही’ म्हणावं तसं. त्या सही करणाऱ्या माणसाला नेमकं हेच हवं असतं.

फ्रिक्शन स्टर वेल्डिंगसाठी अशी नेटवर्क २००७ च्या सुमारास तुर्कस्तानातल्या संशोधकांनी वापरली, आणि मग पूर आला. इथे थोडं तिखट बोलतो. त्यातले खूप पेपर एकाच साच्यातले आहेत, आपल्याकडचेही. एल ९ किंवा एल २७ तक्ता, तेवढेच वेल्ड, त्यावर नेटवर्क, आणि शेवटी ‘९८ टक्के अचूक’ छापाचं वाक्य. २७ प्रयोगांवर शिकलेलं नेटवर्क शिकत नाही, पाठ करतं. मशीन बदला, टूल झिजू द्या, खालची आधाराची प्लेट वेगळ्या धातूची घ्या म्हणजे उष्णता वेगळ्या वेगानं निघून जाईल, आणि मग तोच अंदाज कोसळतो. आर.पी.एम.चा आकडा तोच असतो, धातूची अवस्था वेगळी असते.

म्हणून २०१९ चा एक पेपर मला महत्त्वाचा वाटतो. यांग डू, तुहिन मुखर्जी आणि देबरॉय यांचा. जोडात पोकळी राहील की नाही एवढाच प्रश्न. तीन ॲल्युमिनियम मिश्रधातूंवर झालेल्या प्रयोगांची १०८ उदाहरणं गोळा केली. आधी नेटवर्कला सरळ बटणं दिली: वेग, मापं, धातूचे गुणधर्म. अचूकता ८३.३ टक्के. मग तीच उदाहरणं, पण बटणांऐवजी साध्या गणितानं काढलेल्या चार गोष्टी दिल्या: तापमान, धातू किती वेगानं मळला जातोय, टूलला लागणारा पीळ, आणि पिनवरचा सगळ्यात मोठा कातर-ताण. अचूकता ९३.३. मग त्याच चार गोष्टी जास्त काटेकोर गणितानं काढून दिल्या. ९६.६ टक्के. आणि या चारांत सगळ्यात जास्त वजन कशाला? तापमान आणि कातर-ताण.

लक्षात आलं का काय झालं? प्रयोग तेच. फक्त नेटवर्कला भात्याकडे बघायचं सोडायला लावलं आणि लोखंडाकडे बघायला लावलं.

तरी ९६.६ म्हणजे १०० नव्हे. आता अशी जागा बघू जिथे उरलेले साडेतीन टक्केही परवडत नाहीत.

स्वीडनमध्ये अणुभट्ट्यांतलं वापरून झालेलं इंधन सुमारे ५०० मीटर खोल खडकात पुरायचं ठरलंय. त्यासाठी एसकेबी ही कंपनी तांब्याचं प्रचंड पिंप बनवते. जवळपास ५ मीटर लांब, १ मीटरहून थोडा जास्त व्यास, तांब्याची भिंत ५ सेंटिमीटर जाड, आत ओतीव लोखंडाचा गाभा. हे किती टिकायला हवं? १ लाख वर्षं. दिल्लीचा स्तंभ १६०० वर्षांचा, त्याच्या साठपटीहून जास्त. आणि पिंपाला झाकण असतं, म्हणजे जोड आला. आधी इलेक्ट्रॉन बीमनं वितळवून जोडायचा विचार होता. २००५ मध्ये त्यांनी फ्रिक्शन स्टर वेल्डिंग निवडलं.

टूल झाकणाभोवती एक पूर्ण फेरी मारतं, सव्वातीन मीटरच्या आसपास. सुरुवातीला तांबं थंड असतं. तांबं उष्णता भराभर पळवतं, त्यामुळे पिंप पुढेपुढे तापत जातं. फेरी पूर्ण होत आली की टूल आधीच गरम झालेल्या तांब्यात शिरतं. आता विचार करा, एकच आर.पी.एम. लावून ठेवलं तर? बटण स्थिर आणि धातू प्रत्येक सेंटिमीटरला वेगळा. कमी तापला तर पिन तुटून आत अडकायची भीती, जास्त तापला तर ओघळ आणि टूलवरही ताण. शेवटी पिन बाहेर काढल्यावर भोक उरतं, म्हणून टूल सुरू आणि बंद दोन्ही जोडरेषेच्या वर, झाकणाच्या बाजूला करतात.

लार्स सेडरक्विस्ट आणि लुंड विद्यापीठातले नियंत्रणशास्त्राचे संशोधक यांनी इथे अंदाज बांधणंच जवळजवळ सोडून दिलं. टूलमध्ये तापमान मोजणारे सेन्सर बसवले. आणि यंत्राला सांगितलं की वेग स्थिर ठेवू नकोस, *तापमान* स्थिर ठेव. एकात एक दोन वेढे. बाहेरचा वेढा तापमान बघतो आणि किती शक्ती हवी ते ठरवतो. आतला वेढा ती शक्ती मिळेल असा फिरण्याचा वेग सतत बदलत राहतो. पूर्ण फेरीत आर.पी.एम. वरखाली होत राहतं, आणि ते होऊ देतात. जोड संपल्यावर ‘सेटिंग काय होतं?’ असं कोणी विचारलं तर एका आकड्यात उत्तर नाही, तापमानाचा आलेख दाखवावा लागेल.

आधी अंदाज लागतोच, फक्त त्याची जागा बदलली. कुठल्या तापमानाच्या पट्ट्यात राहायचं हे ठरवायला प्रयोग आणि गणित, आणि त्या पट्ट्यात राहायला सेन्सर. स्वीडिश सरकारनं २०२२ मध्ये या साठवणुकीला मंजुरी दिली. ओस्कार्सहाम्नच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं झाकणं जोडली, कापली, तपासली गेली आहेत. खरं इंधन भरलेलं पहिलं पिंप मात्र अजून जमिनीखाली जायचंय.

आजच्यापुरतं एवढंच. स्फोट घडवून धातू जोडतात हे मी मुद्दाम बाजूला ठेवलं, कारण पहिल्या महायुद्धात चिलखतावर चिकटून बसलेल्या बॉम्बच्या तुकड्यांपासून सुरू होणारी ती गोष्ट पुढच्या भागात सांगायचीय. वर्कशॉपमध्ये काम करणारं कोणी ऐकत असेल तर तुमच्याकडे जोड बसला हे कशावरून ओळखतात ते व्हॉइस नोटमध्ये नक्की पाठवा.